बिनसीटची सायकल

नोंदसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकही तक्रार केली नव्हती. त्यांनी फक्त घेतल्या. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात त्यांची सगळी नोकरी गेली. नळाला पाणी नाही, आहे तर गढूळ आहे, गढूळ नाही तर मीटर उलटा फिरतोय, असं काहीही सांगत कुणीही काउंटरवर आलं की साहेब चष्मा पुसत एकच वाक्य बोलायचे, "नोंद घेतली आहे." म्हणून हे नाव पडलं. मागून पडलं होतं, पण निरोप समारंभात बोलणाऱ्याच्या तोंडून ते माइकवर निसटलं, आणि साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनीच टाळी वाजवली. निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. घरात तक्रार घेऊन कुणी येईना. पत्नी यायच्या, नाही असं नाही, पण त्यांना नोंद नको असायची, लगेच निवारण पाहिजे असायचं.

अशा माणसाच्या दारात एका सोमवारी भलंमोठं खोकं आलं.

खोकं सुनेचं होतं. सून इस्पितळात एक्स-रे काढते. लग्न होऊन ती घरात आली त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. गुणी, हसरी, आणि दर रविवारी पहाटे सायकल चालवायला कुठेतरी जाणारी. परत यायची ती गुडघे खरचटून. साहेबांचा अंदाज असा होता की पोरीला सायकल नीट येत नाही, म्हणून पडते. पण सुनेला हे तोंडावर म्हणायचं कसं? तिच्याशी बोलताना साहेब अजून खुर्चीत बसल्यासारखेच बोलत, आणि तीही "हो बाबा", "चालेल बाबा" याच्या पुढे जात नसे. दोघांचं एकमेकांशी इतकं चांगलं चाललं होतं की दोघांनाही त्याचा ताण यायचा.

येत्या रविवारी तिच्या सायकलच्या कसल्याशा खेळाच्या संघाची निवड होती. पहिल्या तिघींना घेणार होते. गेल्या वर्षी ती चौथी आली होती. हे तिने घरात सांगितलं नव्हतं. नवऱ्याने आईला सांगितलं, आईने बाबांना, आणि बाबांनी "अरेरे" म्हणून पेपरचं पान उलटलं. तिची जुनी सायकल सरावाच्या जागीच असायची, साहेबांनी ती कधी पाहिली नव्हती; आता तिची फ्रेम तडकली, म्हणून वर्षभर पै पै करून साठवलेल्या पैशांतून तिने नवी मागवली होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात इस्पितळाने तिला नव्या मशीनच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी धाडलं. मुलगाही कंपनीच्या कामाला परगावी. जाताना सून सांगून गेली होती, "बाबा, खोकं आलं की फक्त सही करा. उघडू नका हं, मी आले की उघडते."

"अहो, उघडू नका म्हणाली होती ना ती?" साहेबांच्या हातात कात्री बघून पत्नीने विचारलं.

"उघडत नाहीये. तपासतोय."

खात्यात असताना साहेबांनी एक गोष्ट हजारदा बघितली होती. लोक माल न बघता सही करतात आणि मग काउंटरवर येऊन रडतात. सुनेवर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढाच त्यांचा हेतू. आता माणसाचा हेतू चांगला असला की घरच्यांनी खरं म्हणजे तेव्हाच सावध व्हायला पाहिजे. पण पत्नीने दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघराकडे धाव घेतली, आणि कात्री चालली.

सायकल बाहेर निघाली. साहेबांनी तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग खोक्यात डोकं घातलं. थर्माकोलचे तुकडे उचलून बघितले, सोफ्याखाली वाकून बघितलं.

"अगं, बाहेर ये! सीट नाहीये!"

"पडली असेल कुठे."

"पडली कशी असेल? बसवायला जागाच नाही!"

खरंच नव्हती. जिथे सगळ्या जगाच्या सायकलींना सीट असते, तिथे हिची फ्रेम खाली घसरत जाऊन संपलेली होती. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. गिअर एकच. चाकं लहान आणि हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबलं तर टायर आत जायचं. स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. साखळीच्या दातेरी चाकाजवळ एक जाड लोखंडी ताटली ठोकलेली, ती कशासाठी ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. आणि कळस म्हणजे चाकांच्या कडा! ब्रेकचं रबर जिथे घासतं ती चकचकीत कड दोन्ही चाकांवर गोल गोल ओरबाडलेली होती. साहेबांनी ब्रेक दाबून चाक फिरवायचा प्रयत्न केला तर तो ब्रेक असा किंचाळला, की पत्नी हातातला चमचा घेऊनच बाहेर आल्या.

साहेबांना पोरीचं वाईट वाटलं. अगदी आतून वाईट वाटलं. बिचारीने पैसे साठवले आणि कंपनीने तिच्या गळ्यात काय मारलं, तर अर्धवट, ओरबाडलेली, हवा गेलेली सायकल. आणि त्या वाईट वाटण्याच्या जरा खाली, खोटं कशाला बोला, त्यांना उकळ्याही फुटत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे स्वतःची तक्रार होती, आणि तीही दणदणीत.

त्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि कंपनीला फोन लावला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईने बराच वेळ ऐकवलं. मग दुसरी बाई आली.

"सीट आलेली नाही," साहेब म्हणाले.

"सर, या मॉडेलला सीट नसते."

"नसते म्हणजे? कधी येणार ते सांगा. आम्ही तीस वर्षं लोकांना पाणी येईल म्हणून सांगितलं. नाही असं तोंडातून काढलं नाही."

"सर, ही ट्रायल्सची सायकल आहे."

"अहो, पण ट्रायल म्हणून पाठवली असेल तर आता पक्की पाठवा ना!"

ती बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "तुमची नोंद घेतली आहे, सर." आणि फोन ठेवला.

साहेब कितीतरी वेळ रिसीव्हरकडे बघत बसले. ते वाक्य ऐकणाऱ्याच्या बाजूने असं लागतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती. इज्जतीचा प्रश्न होता आता. "कंपनी गेली खड्ड्यात," ते पत्नीला म्हणाले, "मी पूर्ण करतो सायकल. पोरगी आल्यावर बघतच राहील." हे वाक्य पुढे तंतोतंत खरं ठरलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक दंतवैद्य राहतात. त्यांच्याकडे माउंटन बाइक होती. एकवीस गिअर, जाड टायर, पुढे शॉकअप, गुबगुबीत सीट. डोंगर तिने अजून पाहिलेला नव्हता, पण पार्किंगमध्ये तिचा रुबाब होता. साहेबांनी आपली सायकल तिच्या शेजारी उभी केली, म्हणजे भिंतीला टेकवली, आणि डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर उकिडवे बसले. खिशातून छोटी टॉर्च काढली आणि चाकाची कड तपासली. "चक्, चक्, चक्," ते म्हणाले. "पृष्ठभाग पूर्ण खराब झालाय. असं खरखरीत राहिलं की घाण साठते, घाण साठली की किडतं."

"लोखंड किडतं?"

"काहीही किडतं. पॉलिश करा. दवाखान्यातली पेस्ट देतो, आरशासारखं होईल. आणि बाकी सगळं माझ्या सायकलीसारखं करून घ्या. शेवटी सायकल म्हणजे सायकल."

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींना पार्किंगमध्ये दोन माणसं खाली वाकलेली दिसली की ते आपोआप प्रकट होतात. त्यांनी नियम सांगितला. स्वतःच्या स्टँडवर उभं न राहणारं वाहन भंगार समजून हलवण्यात येईल. घंटी नसेल तर स्टिकर मिळणार नाही, आणि सीट नसलेलं वाहन हे वाहनच आहे की नाही, यासाठी सभा बोलवावी लागेल.

"सभेची गरज नाही," साहेब ताठ उभे राहून म्हणाले. "शनिवारपर्यंत सगळं असेल."

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने सायकल बघितली आणि दुकानातल्या रेडिओचा आवाज कमी केला. इतकी गंभीर केस त्याच्याकडे पूर्वी आली नव्हती. पण माणूस मोठा आत्मविश्वासाचा. "साहेब, ही बनता बनता राहिलेली माउंटन बाइक आहे," त्याने निदान केलं. "फॅक्टरीत जेवणाची सुट्टी झाली असेल. काळजी सोडा."

मग सुरू झालं ते काम. फ्रेमला पट्टे आवळून त्यावर एक नळी आणि नळीवर सीट, स्प्रिंगची, रुंद, कारण साहेब म्हणाले की पोरीला दिवसभर इस्पितळात उभं राहावं लागतं, निदान सायकलवर तरी बसू दे. ती लोखंडी ताटली काढली आणि पुढचं दातेरी चाक मोठं टाकलं, म्हणजे वेग येईल. टायरमध्ये हवा भरली, ती दगडासारखे घट्ट होईपर्यंत. मडगार्ड, कॅरिअर, घंटी, आणि दुधाच्या गाडीला असतो तसला दणकट स्टँड. तो बसेना, तेव्हा सायकलवाल्याने हातोड्याने बसवला. मधल्या काळात साहेब स्वतः पार्किंगमध्ये पाट टाकून चाकांच्या कडा डॉक्टरांच्या पेस्टने घासत बसले. दोन दिवस घासल्या. हाताला फोड आले. चेहरा दिसायला लागला तेव्हाच थांबले, आणि ब्रेक किंचाळू नये म्हणून वर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवला. आता ब्रेक दाबला तरी चाक सुरेख, शांत, फिरतच राहायचं.

सेक्रेटरींनी स्टिकर दिलं. डॉक्टर म्हणाले, "वा!" साहेबांनी सीटला लाल फीत बांधली. त्यांची छाती त्या दिवशी अशी फुगली होती, की खात्याने बढती दिली तेव्हाही फुगली नसेल.

शनिवारी दुपारी मुलगा आणि सून दोघं बरोबरच आले. साहेब त्यांना वर येऊच देईनात. "आधी पार्किंगमध्ये चला."

सून बघतच राहिली. साहेबांना वाटलं, भरून आलंय.

"कशी वाटते?"

"छान," ती म्हणाली. "छानच... बाबा, हे सगळं तुम्ही केलंत?"

"कड मी स्वतः घासली. हे बघ," साहेबांनी तळहात पुढे केले. त्यावरचे फोड बघून तिने उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं. मुलगा काहीतरी बोलायला गेला तर तिने त्याचा दंड दाबला.

"चालवून तर बघ!"

नाही म्हणायचं धाडस तिला झालं नाही. ती सीटवर बसली आणि पार्किंगच्या उतारावरून निघाली. खाली वळणाशी तिने ब्रेक दाबला. ब्रेक आवाज न करता दबला, चाक आवाज न करता फिरत राहिलं, आणि सून, घंटी, कॅरिअर, लाल फीत, सगळं मिळून सेक्रेटरींच्या कुंड्यांत गेलं. तिथे मात्र पुष्कळ आवाज झाला.

साहेब धावले. सून मातीत बसली होती. केसात पानं, कोपराला खरचटलेलं. लागलं का विचारायला साहेब वाकले, आणि वर्षभर "हो बाबा, चालेल बाबा" म्हणणारी ती पोरगी उसळून ओरडली, "बाबा! कुणी सांगितलं होतं तुम्हाला? ही सायकल बसायची नसते!"

वरच्या बाल्कनीतून कुणीतरी डोकावलं.

"म्हणजे?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"डॉक्टरांची सायकल लांब जायला असते. सीटवर बसायचं, गिअर बदलत चढ चढायचे, शॉकअपवर धक्के झेलायचे. ही कुठे जायला नसतेच, बाबा! ही दगडावर चढायला असते. जमिनीला पाय न टेकता. मागच्या एका चाकावर उभं राहायचं, तोल धरायचा, आणि तिथून सायकलीसकट पुढच्या दगडावर उडी मारायची. मध्ये सीट असली तर ती पोटात बसेल. दातेरी चाक लहान, कारण वेग नको असतो, एका झटक्यात ताकद पाहिजे असते. हवा कमी, म्हणून टायर दगडाला धरतं. ती ताटली होती ना, दगडाच्या कडेवर सायकल आपटली की त्या ताटलीवर टेकते, नाहीतर साखळी तुटेल. आणि चाकाची कड मुद्दाम ओरबाडून मिळते, बाबा. मुद्दाम! ब्रेक चिकटावा म्हणून. तो किंचाळतो तेवढा चांगला!" तिचे डोळे भरले. "उद्या माझी निवड आहे. मी यंदाही जाणार बाहेर."

मग ती उठली, आपण कुणावर ओरडलो हे तिच्या लक्षात आलं, आणि ती आणखीच रडायला लागली.

साहेबांना कुंडीत तोंड घालावंसं वाटलं. तीस वर्षं लोकांनी त्यांच्यावर आरडाओरडा केला होता, एकदाही काही वाटलं नव्हतं, कारण चूक नेहमी पाइपलाइनची असायची. इथे पाइपलाइन नव्हती. पत्नी मात्र जिन्यात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "चला, ओरडली एकदाची. आता ही घरची झाली. रडताय काय सगळे, सोडवायला घ्या ती सायकल."

सोडवायला घेतली. सायकलवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, "साहेब, आधी एकदा काय ते ठरवा," आणि पाने घेऊन आला. सीट निघाली, ताटली परत बसली, लहान दातेरी चाक परत आलं, तेल रॉकेलने पुसून काढलं. तो दुधाच्या गाडीचा स्टँड मात्र निघेना, कारण हातोड्याने बसवलेलं हातोड्यानेच निघतं. मुलगा हातोडा घेऊन बसला. तिसऱ्या घावाला स्टँड सुटला आणि चौथा घाव, जो मारायची आता गरज नव्हती, तो मुलाच्या अंगठ्यावर बसला. अंगठा टोमॅटोएवढा झाला. सुनेने बोट दाबून बघितलं आणि म्हणाली, "मोडलेलं नाही. पण आठवडाभर या हाताने काही धरायचं नाही."

राहिली चाकाची कड. आरसा झालेली ती कड परत ओरबाडायची, तर ग्राइंडर पाहिजे. गेटपाशी खिडक्यांची ग्रिल बसवणारा काम करत होता, त्याचा ग्राइंडर मागून आणला.

"मी करू का?" साहेबांनी विचारलं.

"नको बाबा," सून म्हणाली. रागाने नाही, घाईने. पण ते त्यांना लागलं.

ग्राइंडर सुरू झाला तसा सगळ्या इमारतीचा कानठळ्या बसवणारा छळ सुरू झाला. ठिणग्या उडायला लागल्या. दारं उघडली. पहिल्या मजल्यावरून झोपमोड झालेले आजोबा आले, पाठोपाठ शिकवणी घेणाऱ्या बाई आल्या, शेवटी कुंड्यांचा पंचनामा आटोपून सेक्रेटरी आले. आणि नोंदसाहेबांनी आपली जागा ओळखली. त्यांनी एक खुर्ची आणून पार्किंगच्या तोंडाशी टाकली, तिच्यात बसले, चष्मा पुसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नोंद घेतली आहे." आजोबांनी पाण्याच्या टाकीचीही तक्रार केली. तीही घेतली. एकही माणूस त्या खुर्चीच्या पुढे जाऊ शकला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत दोन्ही चाकं ओरबाडून झाली, सुनेने ब्रेक दाबला आणि तो असा काही किंचाळला, की सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

रविवारी स्पर्धा एका बंद पडलेल्या खाणीच्या आवारात होती. मोठाले दगड, ओंडके, सिमेंटचे पाइप, केबल गुंडाळायची लाकडी चाकं, असं सगळं रचून सात टप्पे केले होते. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते "ती निळ्या हेल्मेटची, आमची सूनबाई" असं सांगत होते. कुणी विचारलेलं नव्हतं.

पहिल्याच टप्प्यात ती एका ओंडक्यावर चढली. ब्रेकमध्ये कुठेतरी तेलाचा अंश राहिला असावा. चाक सरकलं, ती खाली आली. पंचाने हात वर करून पाच बोटं दाखवली.

"पाच!" साहेब उडालेच. शेजारच्या बाईंना म्हणाले, "बघितलंत? पाचपैकी पाच!" त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, पहिल्याच टप्प्यात पूर्ण मार्क!" पलीकडून अभिनंदन आलं. साहेबांनी फोन ठेवून पुन्हा आजूबाजूला बघितलं, तर शेजारच्या बाई त्यांच्याकडे फार मायेने बघत होत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "पाच म्हणजे टप्पा पार झाला नाही. पाय टेकला की एक गुण चढतो. जितके कमी तितकं चांगलं. मूठ दाखवली म्हणजे शून्य, ते खरं."

साहेब खाली बसले. बसले ते बसलेच. ते पाच कुणाचे होते, हे त्यांना ठाऊक होतं. शिवणयंत्राच्या तेलाचे होते.

पण पोरगी खमकी. तिने हातमोज्याला धूळ लावून ब्रेकच्या रबरावर घासली, आणि पुढच्या टप्प्यापासून जी सुटली! साहेबांनी तिला सायकलवर पहिल्यांदाच बघितलं असं म्हणायला हरकत नाही. कालचं कुंड्यांत जाणं वेगळं. इथे ती हाताच्या पंजाएवढ्या दगडाच्या टोकावर मागच्या चाकावर उभी राहायची, थांबायची, श्वास घ्यायची, आणि टुणकन पुढच्या दगडावर. ब्रेक किंचाळायचा. साहेबांना तो आवाज आता गोड वाटायला लागला होता. एक गुण, शून्य, एक, शून्य, शून्य. सहाव्या टप्प्याअखेर ती चौथी होती. तिसरीच्या आणि तिच्यामध्ये एकच गुण होता, आणि तिसरी सातव्या टप्प्यात दोनदा पाय टेकून बसली. आता सुनेने शून्यात पार केलं तर संघ. एकदा जरी पाय टेकला तर दोघींची बरोबरी, आणि पहिल्या टप्प्यातल्या पाचामुळे हीच बाहेर.

सातवा टप्पा उंच होता. लाकडी चाकावरून सिमेंटच्या पाइपवर, आणि तिथून मधली पोकळी ओलांडून दगडावर उडी. पडलं तर माणूसभर उंचीवरून. म्हणून नियम असा, की स्पर्धकाच्या घरचं किंवा ओळखीचं कुणीतरी खाली उभं राहायचं. पडली तर झेलायचं. पण पडण्याआधी सायकलीला किंवा अंगाला बोट जरी लागलं तर सरळ पाच. हे काम नेहमी मुलगा करायचा. मुलाने बँडेजचा अंगठा वर केला.

"दुसऱ्या कुणाला विचारू?" तो म्हणाला.

सुनेने इकडेतिकडे बघितलं. मग ती साहेबांच्या समोर आली. "बाबा, तुम्ही उभे राहाल?"

"मी?" साहेबांना क्षणभर वाटलं, मागे कुणी दुसरे बाबा उभे असतील. "अगं, मी सगळ्या गोष्टींना हात लावतो."

"माहितीये," ती म्हणाली, आणि हसली. "म्हणूनच सांगते. मी हलेन, सरकेन, पडल्यासारखी दिसेन. तुम्ही हात लावायचा नाही. मी पडलेच तर तुम्ही मला सोडणार नाही, याची खात्री आहे मला."

साहेब पाइपच्या खाली जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर. पंचाने शिट्टी मारली.

ती लाकडी चाकावर चढली. तिथून पाइपवर आली. पाइपच्या कडेवर मागच्या चाकावर उभी राहिली आणि पोकळीकडे तोंड केलं. साहेबांच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, ती सगळी डुगडुगत होती. चाकावरची माती त्यांच्या चष्म्यावर पडली. ती डावीकडे झुकली. साहेबांचे हात आपोआप डावीकडे गेले. चाक कडेवरून बोटभर घसरलं, मागे कुणीतरी "गेली, गेली" म्हणालं, आणि टायर त्यांच्या तळव्याच्या इतकं जवळ आलं की त्याचा वास आला. नुसतं एक बोट. नुसता जरासा आधार. उभ्या आयुष्यात कशालाही हात लावायची इतकी इच्छा त्यांना झाली नव्हती.

त्यांनी हात लावला नाही.

ब्रेक किंचाळला. चाक जागच्या जागी गच्च धरलं गेलं. तिने एकदा खाली दाबून घेतलं, आणि साहेबांच्या डोक्यावरून ती सायकल, ती पोरगी, तो सगळा संसार पोकळी ओलांडून दगडावर जाऊन उतरला. दोन बारीक उड्या, तोल, आणि खाली. पाय कुठेच नाही.

पंचाने मूठ दाखवली.

"शून्य!" साहेब ओरडले. इस्त्रीच्या शर्टाची दोन बटणं सुटली होती, चष्म्यावर चिखल होता, आणि ते खाणीच्या चारी भिंती घुमतील अशा आवाजात ओरडत होते, "शून्य मिळालं! आमच्या सूनबाईला शून्य मिळालं!" डॉक्टरांना फोन लागला तेव्हा ते पलीकडून म्हणाले, "अरेरे, असू दे, होतं असं कधीकधी," आणि साहेब नुसतेच हसत राहिले. फोन मुलाने त्यांच्या कानाला धरला होता, कारण त्यांचे हात अजून वरच होते. ते खालीच येईनात. लोकांना वाटलं, आनंदाने वर केलेत. शेवटी सून आली, हेल्मेट काढलं, आणि तिने स्वतः ते दोन्ही हात धरून हळूहळू खाली आणले. खाली आणले तरी सोडले नाहीत.

"लावला नाहीत, बाबा," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. "मला खाली सगळं दिसत होतं. मला वाटलं होतं, तुम्ही लावणार."

"मलाही," साहेब म्हणाले.

"पुढच्या महिन्यात संघाबरोबर जायचंय. तिथेही तुम्हीच उभं राहायचं."

सोमवारी सकाळी सेक्रेटरी कुंड्यांना पाणी घालायला खाली उतरले, तर पार्किंगमध्ये नोंदसाहेब दोन्ही हात वर करून, पाय फाकवून, छताकडे बघत उभे. सेक्रेटरी घाबरलेच.

"अहो, काही त्रास होतोय का? डॉक्टरांना हाक मारू?"

"मध्ये बोलू नका, सराव चालू आहे," साहेब मान न हलवता म्हणाले. "संघात निवड झालीय आमची."